फुलपाखरू, बादली आणि पावसाचा एसएमएस

१९६१चा हिवाळा, अमेरिकेतली एमआयटी. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना संगणकावरची एक आकडेमोड पुन्हा तपासायची होती. पहिल्यापासून सुरुवात करण्याऐवजी त्यांनी मधल्या एका ओळीतले आकडे यंत्राला टंकून दिले आणि ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन पाहतात तर यंत्राने दोनेक महिन्यांचं लुटुपुटुचं हवामान छापून ठेवलेलं, पण ते आधीच्या हवामानाशी जुळेना! आधी वाटलं, एखादी व्हॅक्युम ट्यूब गेली असेल. ट्यूब शाबूत होती. यंत्राच्या पोटातला आकडा होता ०.५०६१२७. कागदावर जागा वाचवायला छापला गेला होता ०.५०६, आणि लॉरेन्झनी तोच भरला होता. गळालेल्या तीन अंकांनी दोन महिन्यांचा वारा-पाऊस उलटापालटा करून टाकला.

त्या दुपारीच आधुनिक केऑस सिद्धांताचं पान उघडलं. आज, साठ-पासष्ट वर्षांनी, याच बेभरवशाच्या प्रणालींपुढे कृत्रिम बुद्धिमत्तेला बसवलं जातंय. गंमत अशी, की कित्येकदा तिला समीकरण सांगतसुद्धा नाहीत. नुसतं म्हणतात, बघ आणि शीक.

लॉरेन्झ यांच्या त्या यंत्राचे प्रोग्रॅम आधी मार्गारेट हॅमिल्टन लिहीत. त्यांच्यानंतर हे काम एलन फेटर यांच्याकडे आलं. या हॅमिल्टन म्हणजे पुढे ज्यांच्या देखरेखीखाली अपोलो यानांचं सॉफ्टवेअर तयार झालं त्याच. आणि केऑसची ओळख बनलेलं ते जगप्रसिद्ध फुलपाखरू? ते आधी सीगल होतं, समुद्रपक्षी. १९७२च्या व्याख्यानाचं शीर्षक लॉरेन्झकडून वेळेत आलं नाही, तेव्हा सत्राचे संयोजक फिलिप मेरिलीस यांनी ते परस्पर ठरवलं: ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले तर टेक्ससमध्ये टोर्नेडो उठेल का? पक्षी उडाला, फुलपाखरू राहिलं.

गोंधळ म्हणजे गोंधळ नव्हे

केऑसला मराठीत काय म्हणायचं यावर वाद होऊ शकतो. माझं मत ‘गोंधळ’ या शब्दाला. लग्नकार्यानंतर घरात घालतात तो गोंधळ आठवा. संबळ कडाडतोय, तुणतुणं वाजतंय, दिवटी पेटलीय. लांबून ऐकणाऱ्याला नुसता कल्लोळ वाटतो. आत मात्र चौक मांडण्यापासून देवतांना आवतण, आख्यान आणि आरतीपर्यंत सगळं ठरलेलं असतं. केऑसचंही तसंच आहे. तिथे फासे टाकले जात नाहीत, प्रत्येक पाऊल नियमाने बांधलेलं असतं. फक्त सुरुवातीला केसाएवढा फरक पडला की पुढे त्याची दरी होते.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर देवळालीला जावं लागेल. तिथले शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दाखवलं, की कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ला पोचता. मास्तरांचं जन्मवर्ष घेऊन पाहा. १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. बरोब्बर सात! इथे सुरुवातीचे सगळे फरक पुसले जातात, तर लॉरेन्झच्या हवामानात एकही फरक पुसला जात नाही. निसर्गातल्या बऱ्याच गोष्टी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी राहतात.

प्रत्येक गोंधळाचं स्वतःचं घड्याळ

चूक किती वेगाने फुगते हे मोजायला एक माप आहे, रशियन गणिती लियापुनोव यांच्या नावाचं. एका ‘लियापुनोव काळा’त चूक साधारण २.७ पट होते. सूर्यमालेतल्या आतल्या ग्रहांसाठी हा काळ सुमारे ५० लाख वर्षांचा आहे, हे फ्रान्सच्या जाक लास्कार यांनी १९८९ साली दाखवलं. हवेचा कारभार मात्र दिवसांत आटोपतो. म्हणून रोजच्या हवेचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही असं मानतात.

हे माप लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीतला ‘आठ’ हा आकडा त्याशिवाय किरकोळ वाटेल.

२०१८ साली मेरीलँड विद्यापीठात जयदीप पाठक, एडवर्ड ऑट, मिशेल गर्वन, ब्रायन हंट आणि झिशिन लू यांनी एका यंत्राला ज्वाळेच्या सरकत्या कडेसारखी वळवळणारी एक प्रणाली दाखवली. कुरामोतो-सिवाशिन्स्की समीकरण हे तिचं नाव. यंत्राला समीकरण दिलंच नव्हतं, दिली होती फक्त आधीच्या हालचालींची नोंद. तेवढ्यावर त्याने आठ लियापुनोव काळांपर्यंत बरोबर अंदाज केला. आठ वेळा २.७ पट म्हणजे जवळजवळ ३,००० पट. चूक इतकी फुगेल एवढ्या अवधीतही अंदाज रुळावर राहिला! याच गटाने पुढे अर्धवट अचूक समीकरण आणि शिकणारं यंत्र यांची जोडी लावून पाहिली, तर पल्ला बारापर्यंत गेला. एकट्या आकड्यांपेक्षा आकडे अधिक थोडं भौतिकशास्त्र हे रसायन जास्त टिकाऊ. (गणितातल्या या प्रकाराला ‘केऑस’ हे नाव मिळालं तेही याच विद्यापीठातल्या जेम्स यॉर्क यांच्या १९७५च्या लेखामुळे. त्यांचे सहलेखक होते त्येन-येन ली.)

पण मला मेरीलँडच्या गटाचा २०१७चा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. अंदाज चुकायला लागल्यावरही यंत्र वेडंवाकडं काही काढत नव्हतं. त्याची रेघ खऱ्या रेघेपासून वेगळी झाली होती, पण वळणं तशीच, झोके तसेच, लियापुनोवचं मापही तेच. पुढचं पाऊल हुकलं तरी चाल ओळखीची राहिली. कोकणातल्या आजीला आज दुपारी नेमकी किती वाजता सर येणार हे सांगता येत नाही. पण जुलै कसा असतो हे तिला पक्कं ठाऊक असतं. यंत्राने आजीचं ज्ञान आधी मिळवलं होतं. पाऊल आणि स्वभाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचे किस्से वाचताना हा फरक हाताशी असू द्या.

एक बादली, थोडी हुशारी

मेरीलँडकरांनी वापरलेल्या पद्धतीला रिझर्व्हॉयर कम्प्युटिंग म्हणतात. रिझर्व्हॉयर म्हणजे साठा, हौद. जर्मनीतले हर्बर्ट येगर आणि ऑस्ट्रियातले वोल्फगांग मास यांनी या शतकाच्या सुरुवातीला एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. नेहमीच्या न्यूरल नेटवर्कमध्ये आतल्या सगळ्या जोडण्या शिकवत बसावं लागतं. इथे आतलं जाळं कसंही गुंफलेलं असतं, त्याला कुणी हात लावत नाही. माहिती आत टाकली की तरंग उठतात. शिकायचं असतं ते फक्त काठावरच्याने, तरंग पाहून उत्तर ओळखायला. त्यामुळे शिकवणी झटपट उरकते.

हौद ही नुसती उपमा आहे असं वाटलं ना? २००३ साली ससेक्स विद्यापीठातल्या क्रिसान्था फर्नांडो आणि साम्प्सा सोयाक्का यांनी खरोखरची पाण्याची बादली घेतली. छोट्या मोटरींनी पाण्यावर लहरी उठवल्या, त्यांचं चित्रण केलं आणि ते एका साध्या जाळ्याला दाखवलं. त्या बादलीच्या मदतीने ‘झीरो’ आणि ‘वन’ हे उच्चारलेले शब्द वेगळे ओळखता आले! या सगळ्या विषयातला माझा सर्वांत लाडका किस्सा हाच. पाणी काही विचार करत नाही. ते फक्त आवाजाची गुंतागुंत पसरून मांडतं, म्हणजे पाहणाऱ्याला फरक दिसावा. तांदूळ निवडायला आपण ताटात पसरतो, तसं.

४.७ म्हणजे किती?

दुहेरी लंबक म्हणजे एका लंबकाला लोंबकळणारा दुसरा लंबक. केऑसचं घरगुती मॉडेल. त्याची अवस्था सांगायला चार आकडे पुरतात, दोन कोन आणि दोन वेग. २०२२ साली कोलंबिया विद्यापीठात होड लिप्सन, बोयुआन चेन आणि सहकाऱ्यांनी एका कृत्रिम बुद्धिमत्तेला त्याचा फक्त व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, हे समजायला किती आकडे लागतील? उत्तर आलं ४.७. शाळेच्या पेपरात असं उत्तर लिहिलं तर लाल शाई मिळेल. पण कोन किंवा वेग म्हणजे काय हे ज्याला कुणी कधी सांगितलंच नाही, त्याने नुसतं पाहून चाराच्या इतक्या जवळ जावं, ही मोठी गोष्ट आहे.

मग त्यांनी दुकानाबाहेर हवेवर नाचणारा कापडी पुतळा दाखवला, उत्तर ८. लाव्हा लॅम्प दाखवला, उत्तर ८. शेकोटीच्या ज्वाळा दाखवल्या, उत्तर २४. हे आठ आणि चोवीस आकडे नेमके कशाचे, हे माणसांना अजून पुरतं उलगडलेलं नाही. कदाचित यंत्र आपल्यापेक्षा वेगळ्या खिडकीतून तेच जग बघतंय. विज्ञानाच्या दृष्टीने याहून रोमांचक कोडं मला तरी माहीत नाही.

लाव्हा लॅम्पवरून आठवलं. इंटरनेटची सुरक्षा सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को कार्यालयात असे शंभरेक दिवे भिंतीवर मांडले आहेत. कॅमेरा त्यांची चित्रं टिपतो आणि त्यांतून गुप्त किल्ल्यांसाठी बेभरवशाचे आकडे काढले जातात. लंडनच्या कार्यालयात याच कामाला दुहेरी लंबक झुलतात. एकीकडे गोंधळ ओळखायची धडपड, दुसरीकडे तो ओळखता येत नाही यावर विसंबलेली कुलपं.

समीकरणच शोधून काढणारी यंत्रंही आहेत. २०१६ साली स्टीव्हन ब्रंटन, जोशुआ प्रॉक्टर आणि नेथन कुट्झ यांनी लॉरेन्झच्या तीन समीकरणांच्या प्रणालीची नुसती आकडेवारी संगणकाला दिली, आणि त्याने लॉरेन्झची तिन्ही समीकरणं परत हातात ठेवली.

पोपटाची बाजी

भाषेच्या मोठ्या मॉडेलांसारखी आता काळाबरोबर बदलणाऱ्या आकड्यांचीही मोठी मॉडेलं निघाली आहेत. कधीही न पाहिलेली मालिका दिली तरी ती पुढचं सांगू पाहतात. टेक्ससमधले विल्यम गिल्पिन आणि सांता फे इन्स्टिट्यूटचे युआनझाओ झांग यांनी अशा मॉडेलांना केऑसच्या मैदानात उतरवलं, तेव्हा त्यांची एक खोड ध्यानात आली. बरीचशी करामत पोपटपंचीची होती. मॉडेल मागच्या नोंदीत आत्ताच्यासारखा तुकडा शोधतं आणि त्याच्यापुढे जे घडलं होतं ते जसंच्या तसं म्हणून दाखवतं. मग या दोघांनी २०२५ साली सरळ तेवढंच करणारा साधासुधा पोपट लिहिला. अनेक चाचण्यांत तो अवाढव्य मॉडेलांवर भारी पडला! आपल्याकडेही जुनी माणसं ‘बहात्तरच्या दुष्काळासारखी लक्षणं आहेत’ असं म्हणतात तेव्हा हेच करत असतात.

गिल्पिन यांच्याच गटाचं ‘पांडा’ नावाचं मॉडेल वेगळ्या वाटेने गेलं. त्याला शिकवायला संगणकावर सुमारे २०,००० नव्या गोंधळी प्रणाली पैदा केल्या गेल्या. खऱ्या जगातला एकही आकडा न दाखवता वाढवलेलं हे पिल्लू खऱ्या प्रयोगांच्या नोंदींवरही चाललं.

तीन गोळ्यांची डोकेदुखी

दोन गोल एकमेकांभोवती फिरत असतील तर न्यूटनचं गणित लख्ख सुटतं. तिसरा आला की घोळ. स्वीडनच्या ऑस्कर राजाच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त, १८८९ साली, आंरी प्वांकारे यांना या प्रश्नावरच्या निबंधासाठी २,५०० क्राउनचं बक्षीस मिळालं. छपाईची तयारी चालू असताना एका तरुण गणितीने शंका विचारली आणि त्यातून पुढे प्वांकारेंना स्वतःची गंभीर चूक सापडली. छापलेल्या प्रती परत मागवल्या, निबंध नव्याने लिहिला, पुन्हा छापला. छपाईचा खर्च प्वांकारेंनी सोसला, ३,५०० क्राउनहून जास्त. बक्षिसापेक्षा हजारभर क्राउन पदरचे गेले, पण त्या चुकीच्या दुरुस्तीतच केऑसचं पहिलं दर्शन होतं. जगातली सर्वांत फायदेशीर चूक मी हीच मानेन.

२०१९ साली फिलिप ब्रीन, सिमॉन पोर्टेगीस झ्वार्ट आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर न्यूरल नेटवर्क सोडलं. आधी एका अत्यंत काटेकोर पण मंद प्रोग्रॅमकडून हजारो उत्तरं काढून घेतली आणि ती जाळ्याला शिकवली. शिकून झाल्यावर जाळं मूळ प्रोग्रॅमच्या १० कोटी पटींपर्यंत वेगाने उत्तर देऊ लागलं. अट मोठी आहे, तीही ऐका. तिन्ही गोळे सारख्या वजनाचे, एकाच पातळीत आणि सुरुवातीला स्थिर. खरं आकाश इतकं आज्ञाधारक नसतं.

आकाशात विचारायचा प्रश्नच बदलला तर? डॅनिएल तमायो आणि सहकाऱ्यांचा २०२०चा ‘स्पॉक’ हा प्रोग्रॅम (होय, स्टार ट्रेकची आठवण देणारंच नाव) ग्रह नेमका कुठे असेल हे सांगतच नाही. तो पहिल्या १०,००० फेऱ्या पाहतो आणि १०० कोटी फेऱ्यांनंतर ही ग्रहमाला टिकेल का, याची शक्यता सांगतो. जुन्या पद्धतीपेक्षा एक लाख पटींपर्यंत वेगाने. पुन्हा तेच. पाऊल सोडा, स्वभाव विचारा.

आपली स्वतःची सूर्यमाला? लास्कार आणि मिकाएल गास्तिनो यांनी २००९ साली तिची २,५०१ भविष्यं मोजली. प्रत्येकात बुधाची सुरुवात ०.३८ मिलिमीटरच्या टप्प्याने वेगळी. सुमारे १ टक्का भविष्यांत अब्जावधी वर्षांनी बुधाची कक्षा भयंकर लांबुळकी होते. सुपारीच्या कातरणाहून बारीक फरक आणि ग्रहाचं नशीब वेगळं!

सहा आठवडे ते एक मिनिट

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवणारे लुइस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ फावल्या वेळात हाताने हवामान मोजत होते. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या फक्त सहा तासांचा अंदाज. त्याला लागले सहा आठवडे, आणि उत्तर आलं की हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. रिचर्डसन खचले नाहीत. १९२२च्या पुस्तकात त्यांनी ६४,००० माणसं एका प्रचंड सभागृहात बसून जगाचं हवामान मोजताहेत असं स्वप्न रंगवलं.

शंभर वर्षांनी, २०२३ साली, गूगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ने साऱ्या जगाचा दहा दिवसांचा अंदाज एका यंत्रावर एका मिनिटाच्या आत दिला. त्या सप्टेंबरात ‘ली’ हे चक्रीवादळ कॅनडाच्या नोवा स्कोशियाला धडकणार हे त्याने नऊ दिवस आधी ओळखलं. जुन्या पद्धतींना ते सहाएक दिवस आधी कळलं. फेब्रुवारी २०२५पासून युरोपच्या हवामान केंद्रानेही आपलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल रोजच्या कामाला जुंपलं आहे.

यात एक श्रेय विसरता कामा नये. ग्राफकास्ट शिकलं ते १९७९पासूनच्या ३९ वर्षांच्या हवेच्या नोंदींवर. या नोंदी याच युरोपीय केंद्राने मोजमापं आणि भौतिकशास्त्रीय मॉडेलं यांची सांगड घालून तयार केल्या आहेत. विद्यार्थी विलक्षण हुशार, पण त्याची वही गुरुजींनी लिहिलेली.

आणि या नव्या हवामानयंत्रांमध्ये फुलपाखरू नाही! जर्मनीतले टोबियास झेल्झ आणि जॉर्ज क्रेग यांनी २०२३ साली हुआवेच्या ‘पांगू’ या नावाजलेल्या मॉडेलमध्ये सुरुवातीला अगदी बारीक चूक पेरून पाहिली. खऱ्या हवेत, आणि भौतिकशास्त्राच्या मॉडेलांतही, अशी चूक सुरुवातीला झपाट्याने वाढते. पांगूत ती तशी वाढलीच नाही. मोठी वादळं त्याला दिसतात, पण ढगाढगातली बारीक खळबळ त्याच्या जगातून गुळगुळीत होऊन गेलेली असते. हे ऐकून आनंद झाला तर सावरा. चुका न वाढणारं मॉडेल बिनचूक नसतं, ते स्वतःवर फाजील विश्वास ठेवणारं असतं.

पावसाचा निरोप

दोन आठवड्यांची भिंत असताना मान्सूनबद्दल महिनाभर आधी बोलायची हिंमत कशी होते? याचं उत्तर १९८१ साली जूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी दिलं. शुक्ला तरुणपणी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत कामाला होते; त्यांच्या आत्मकथनाचं नावच आहे ‘अ बिलियन बटरफ्लाइज’. चार्नी आणि शुक्ला यांचं म्हणणं असं, की उष्ण कटिबंधातल्या हवेला समुद्राचं तापमान, जमिनीतली ओल अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींचा लगाम असतो. अमुक मंगळवारी पाऊस पडेल का हे फुलपाखरांच्या हातात. पण पावसाळ्याची एकूण चाल समुद्र ठरवतो, आणि समुद्र घाईत नसतो.

आता २०२५चा मे आठवा. मान्सून केरळात २४ तारखेला आला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. २६ला मुंबईत हजर, एरवीची तारीख ११ जून असताना. योगायोग पाहा, त्याच दिवशी पुण्याच्या याच संस्थेत घडलेली, ६ किलोमीटरच्या चौकटींनी पाहणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ राष्ट्राला अर्पण झाली. रानं भिजली, तिफणी निघाल्या. आणि मग मान्सूनची पुढची वाटचाल सुमारे २० दिवस थबकली.

शेतकऱ्याला या थबकण्याची किंमत ठाऊक असते. दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि उधारीच्या वहीत आणखी एक ओळ.

त्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाऊस कधी स्थिरावेल याचे अंदाज पाठवले, चार आठवड्यांपर्यंत आधी. त्यामागे गूगलचं ‘न्यूरलजीसीएम’ होतं, ज्यात भौतिकशास्त्र आणि शिकणारं जाळं एकत्र नांदतं. सोबत युरोपच्या केंद्राचं मॉडेल आणि आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. मान्सून मध्येच थांबणार, हे त्या अंदाजांत दिसलं होतं. सलग पाऊस सुरू होईपर्यंत दर आठवड्याला नवा निरोप जात राहिला.